टाकीवरचे चार रंग

माझी लेक इंग्लंडला शिकायला निघाली तेव्हा गल्लीतल्या बाया मला एकच विचारायच्या, "कशाचं शिक्षण घ्यायलीय गं?" डॉक्टरचं नाही, इंजिनिअरचं नाही, मग कशाचं, हे मला सांगता यायचं नाही. मी नुसती हसायचे आणि कामाला लागायचे. तिनं मला तिच्या सरकारी कागदावरचं 'सेवा व्यवस्थापन' हे नाव वाचून दाखवलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, दोन्ही शब्द मलाही वाचता आले. पण त्यातून माणूस रोज उठून काय करतो, ते काही डोळ्यापुढं येईना.

एकदा मी भाकरी थापत होते, ती चुलीपुढं बसली होती. मी धीर करून तिलाच विचारलं.

ती म्हणाली, "माय, तू मागं डोळे दाखवायला गेलतीस. सकाळी गेलतीस आन दुपारी नंबर लागला. आत डॉक्टर दोन मिनिटं बोलला. बरोबर का न्हाई?"

"हां."

"मग तुला एवढं ताटकळायला कावून लागलं, आन ते कमी कसं करायचं, ह्याचा अभ्यास. दवाखाना आसू दे, बँक आसू दे, विमानतळ आसू दे. माणसाचं काम नीट व्हावं आन त्याचा खोळंबा होऊ नये, बस."

मला ते आवडलं. जन्मभर कुठं ना कुठं आपला नंबर यायची वाट बघत उभं राहायचं, ही गोष्ट मी पावसापाण्यासारखीच समजत होते. त्यावर कुणी वर्ग भरवून शिकवतं, हे मला नवीन होतं.

तिला सरकारची शिष्यवृत्ती मिळाली होती, तरी घरात सगळ्यांची मान्यता नव्हती. माझे थोरले दीर म्हणाले, पोरीचं लग्नाचं वय झालंय, परदेश कसला. आमचे मालक मोठ्या भावापुढं बोलत नाहीत. मी तर कुणापुढंच बोलत नाही. बोलल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. दिरांच्या ताटात कालवण वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचं पोरगं पुण्याला पाठवलं, त्यानं तिथं काय दिवे लावले ते बघितले आपण. आता हिला जाऊ द्या. घरातलं एक तरी माणूस शिकून शहाणं होऊ द्या." लेक गेली ती जाऊबाईंमुळं गेली, हे मी कधी विसरले नाही.

जाऊबाईंचं बोलणं असंच आहे. गावातल्या बायांची दूध संस्था त्यांनीच उभी केली आणि त्याच तिच्या चेअरमन. आमच्या घरात दोन गाई, त्यांचं दूध मी सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या शेडवर घालते. मीटिंगला मी भिंतीला टेकून बसते आणि सगळ्यांनी हात वर केला की मीही करते.

लेक गेली त्या साली पाऊस झालाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडची विहीर आटली, मग गावची आटली. ऊस उभ्यानं वाळला आणि कारखान्याची चिमणी लवकर थंड झाली. जी माणसं ऊसतोडीला गेलती ती वेळेच्या आधीच परत आली. जनावरांना पाजायला पाणी नाही तर दूध कुठून येणार? तेव्हा जाऊबाई संस्थेच्या सगळ्या सभासद बाया घेऊन तहसीलला गेल्या आणि पायऱ्यांवर बसल्या. मीही गेले होते, मागच्या पायरीवर बसले होते. साहेब म्हणाले, अर्ज ठेवून जा. जाऊबाई म्हणाल्या, "अर्ज ठेवते, आन मी बी हितंच राहते. मला घरी बी पाणी न्हाई, हितं बी न्हाई. सारखंच हाय मला." त्यानंतर संस्थेच्या शेडपुढं एक मोठी टाकी बसली आणि रोज एक टँकर तिच्यात पाणी सोडून जायला लागला.

टाकीला नळ दोनच. म्हणून रांग घागरींची लागायची. बाईनं पहाटेच घागर आणून ठेवायची आणि घागरीनं तिच्या जागी उभं राहायचं, अशी रीत. पण घागरीला तोंड असलं तरी ती बोलत नाही. तिच्या मालकिणीला तिथंच बसून राहावं लागतं, नाहीतर कुणाच्या तरी पायानं ती मागं सरकते. मी बसून राहिले तरी माझी सरकायची. "हितं माझी हाय हां" असं म्हणत कुणी मध्ये घागर ठेवली, की मी आपली जरा मागं घ्यायचे. शेवटी टाकीच्या बुडाशी जे लालसर, गाळाचं पाणी राहायचं, ते बहुतेक वेळा माझ्या वाट्याला यायचं. दुपार तिथंच सरायची. ह्याचं मला वाईट वाटायचं असं नाही. हे असंच असतं, एवढंच वाटायचं.

लेक रविवारी फोन करायची. एकदा तिनं सांगितलं, वर्गात बाईंनी सगळ्यांना विचारलं की आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ कशासाठी थांबलात. कुणी विमानाचं सांगितलं, कुणी फोनवर गाणं ऐकत बसल्याचं सांगितलं. हिनं लहानपणीच्या दुष्काळातल्या टँकरचं सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग सगळे गप्प झाले, माय. नुसते माझ्याकडं बघायले. मला लई लाज वाटली. वाटलं, कशाला बोलले."

मला कळलं तिला काय वाटलं ते. ती लोकांचा खोळंबा कमी करायला शिकत होती, आणि लोक तिच्याकडं असं बघत होते की हीच खोळंबलेली आहे.

म्हणून तिला आपलं शेवटचं काम, ज्याला ते प्रकल्प म्हणतात, एखाद्या मोठ्या हॉटेलात करायचं होतं. तशी जागा ठरलीही होती. ऐनवेळी हॉटेलवाल्यांनी नकार दिला. तिच्या बाईंनी सुचवलं की तू टँकरचं सांगितलं होतंस, तिथंच कर. आठवडाभर तिनं मनावर घेतलं नाही. दुसरी जागा मिळेना, आणि प्रकल्प झाला नाही तर पदवी नाही. शेवटी ती घरी आली. आली तेव्हा आषाढ लागला होता आणि आभाळ कोरडंच होतं.

पहिले काही दिवस ती टाकीजवळ नुसती बसून राहिली. कोण कधी येतं, कधी जातं, ते बघायची. बाया तिला चिडवायच्या, "एवढ्या लांब जाऊन शिकली आन आली परत घागरी मोजायला!" ती हसायची. मग एका दुपारी ती जाऊबाईंकडं गेली आणि म्हणाली, "मोठीमाय, मला महिनाभर टाकी माझ्या पद्धतीनं चालवू दे."

जाऊबाई म्हणाल्या, "चालव की. टाकी काय माझ्या म्हायेरावून आलीय व्हय?"

तिनं पत्र्याचे छोटे तुकडे कापून आणले, त्यांना भोकं पाडली आणि चार रंगांनी रंगवले. लाल, पिवळे, हिरवे, निळे. प्रत्येक घराला एक बिल्ला. आज लाल रंगवाल्यांनी सकाळी पहिल्यांदा यायचं, मग पिवळ्यांनी, मग हिरव्यांनी, शेवटी निळ्यांनी. उद्या पिवळे पहिले आणि लाल शेवटी. असं फिरत राहायचं. म्हणजे गाळाचं पाणी आलटून पालटून सगळ्यांना, आणि चांगलं पाणीही सगळ्यांना. आपल्या रंगाची वेळ होईपर्यंत बाईनं घरी राहायचं, घागरीपाशी बसायचं कारण नाही. ज्यांना अंक वाचता येत नाहीत, त्यांनाही रंग कळतो.

माझा पिवळा होता.

सुरुवातीला सगळ्या बुजल्या. घागर सोडून घरी जायचं कुणाच्या जिवावर येईना. पण चार दिवसांत अंगवळणी पडलं. बाया भाकरी करून, शेण काढून, लेकरू निजवून निवांत यायला लागल्या. एका म्हातारीनं माझ्या लेकीला सांगितलं, "बया, किती वर्षांनी दुपारची पाठ टेकली मी." लेकीचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. मलाही माझ्या रंगाच्या वेळेला नितळ पाणी मिळालं. मी त्या घागरीत बराच वेळ बघत राहिले होते.

मग हळूहळू ते सगळं विस्कटलं, आणि विस्कटलं ते आमच्याच रीतीमुळं.

आमच्याकडं दारात मागायला आलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत. विरजण मागो, मीठ मागो, चाळण मागो. घरात असेल ते द्यायचं, आणि नसेल तर शेजारून आणून द्यायचं. पत्र्याचा तुकडा हातात घेण्यासारखी वस्तू होती, म्हणजे ती मागण्यासारखीही झाली. "माझ्याकडं पाहुणे आलेत, आज तुझा लाल दे, उद्या माझा निळा घेऊन जा." उद्या निळा परत यायचाच असं नाही. ज्यांना मागता येतं त्यांच्या हातात पहिले रंग जमायला लागले. ज्यांना नाही म्हणता येत नाही त्या पुन्हा गाळावर आल्या.

माझ्याकडं जाऊबाई यायच्या. त्यांच्याकडं सारखी माणसं, संस्थेचे, पक्षाचे, तालुक्याचे. चहापाणी चालूच. त्या उंबऱ्यातूनच म्हणायच्या, "दे गं तुझं ते पिवळं." मी पदराच्या गाठीतून तो सोडून द्यायचे आणि शेवटी उरलेलं पाणी भरायचे. त्या विचारत होत्या आणि मी देत होते, ह्यात मला काही वावगं दिसत नव्हतं.

लेकीला वहीत आकडे जुळेनात तेव्हा ती दिवसभर टाकीपाशी उभी राहिली. संध्याकाळी घरी आली, तोंड धुतलं आणि माझ्यापुढं बसली.

"माय, पिवळ्याची वेळ होती तेव्हा तू कुठं होतीस?"

"घरीच."

"आन तुझा बिल्ला?"

तिला दिसलाच होता तो, जाऊबाईंच्या हातात.

"दुसऱ्या कुणी दिला आसता तर मला एवढं वाटलं नसतं," ती म्हणाली. "तू बी, माय?"

मी म्हणाले, "आगं, त्या मागायला येतात. कसं न्हाई म्हणू? तू तिकडं शिकायलीस ती त्यांच्यामुळं."

तिनं वही मिटली. मग सांगायला लागली, माझ्यावर न चिडता. पद्धत महिनाभर टिकली तरच प्रकल्पाला अर्थ आहे. नाही टिकली तर पुढच्या वर्षी नव्यानं करावं लागेल, आणि शिष्यवृत्ती एकाच वर्षाची. म्हणजे पदवी राहिली ती राहिलीच. बायांना जमवून सांगावं, की बिल्ले एकमेकींना देऊ नका, तर जाऊबाईंचंच नाव निघतं, आणि ते तिला करायचं नव्हतं.

"तू फक्त तुझा देऊ नकोस," ती म्हणाली. "बाकी काही नको करू. एकीनं जरी धरून ठेवला, तर दुसरीला वाटंल की ठेवता येतो."

मी हो म्हणाले. आणि पिवळ्याचा पहिला नंबर आला त्या सकाळी जाऊबाई दारात उभ्या राहिल्या, आणि माझ्या हातानं आपणहून गाठ सोडली. लेक आत केस विंचरत होती. तिनं बघितलं, पण बोलली नाही. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढची पिवळ्याची सकाळ येईपर्यंत मी मनात कारणं जुळवत राहिले. म्हणेन, गाय नुकतीच व्यालीय, तिला पाणी जास्त लागतं. म्हणेन, मालकांचं अंग दुखतंय. म्हणेन, माझ्या माहेरचे, लिंबागणेशकडचे, येणार आहेत. गाय खरंच व्यालेली होती. बाकीचं खोटं होतं, तरी मी तेही पाठ करून ठेवलं. आणि त्या सकाळी मी घरी थांबलेच नाही. जाऊबाई दारात यायच्या आधी घागर घेऊन टाकीवर गेले. वाटलं, सुटले.

जाऊबाई टाकीवर आल्या. तालुक्याचे कुणी मोठे लोक संस्था बघायला येणार होते, म्हणून जाऊबाई घाईत होत्या. त्यांनी माझ्यापुढं हात केला, बोलणं दुसऱ्याच बाईशी चालू होतं. माझ्याकडं बघितलंही नाही. बघायची गरजच नव्हती.

मी पदराची गाठ मुठीत धरली. पाठ केलेलं एकही कारण आठवेना. मी म्हणाले, "आज न्हाई, बाई."

त्यांचा हात तसाच होता. "आं?"

"आज न्हाई."

"कावून?"

त्या कारणाची वाट बघत होत्या. सगळ्याच बघत होत्या. व्यालेल्या गाईचं तरी सांगायला काय हरकत होती! पण माझ्या तोंडातून आलं ते एवढंच, "माझा नंबर हाय."

जाऊबाईंनी हात खाली घेतला आणि वळून लेकीकडं बघितलं. "हेच शिकून आलीस का गं तिकडून?" नळाखाली कुणाची तरी घागर भरून वाहायला लागली होती, तीही कुणी उचलेना. तेवढ्यात ती पाठ टेकणारी म्हातारी मागून म्हणाली, "बया! हिला तोंड हाय की! मला वाटलं, लगनात वरबापानं ठेवून घेतलं."

सगळ्या हसल्या. जाऊबाईही हसल्या, पण जरा उशिरा. मी घागर नळाखाली लावली. ती वाकडीच लागली आणि निम्मं पाणी पायावर सांडलं. चांगलं पाणी होतं, आणि मी ते सांडत होते.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लेक माझ्याजवळ येऊन बसली, तिनं माझ्या हातावर हात ठेवला, पण शाबास वगैरे म्हणाली नाही. ते बरं झालं.

नंतर जे झालं ते मी किंवा लेकीनं काही केल्यामुळं झालं नाही. बायांनी माझ्या बोलण्याची चेष्टा सुरू केली. कुणी बिल्ला मागायला गेलं की समोरची पदर तोंडाला लावून, माझ्यासारखा बारीक आवाज काढून म्हणायची, "आज न्हाई, बाई." मग दोघीही हसायच्या. मागणारीला राग येत नव्हता आणि देणारीला अपराध्यासारखं वाटत नव्हतं. ज्यांना नाही म्हणायला तोंड नव्हतं, त्यांना माझं तोंड उसनं मिळालं. आधी मला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण बिल्ले जिच्या तिच्या पदरात राहायला लागले, आणि लेकीच्या वहीत आकडे जुळायला लागले, तेव्हा मी कान झाकायचं सोडून दिलं.

जाऊबाई मात्र आमच्या दारात येईनाशा झाल्या. दूध घालताना समोर आल्या तर कामापुरतं बोलायच्या. मला ते फार लागलं. मी पुष्कळ विचार केला. त्यांनी माझ्याकडून कधी काही हिसकावून घेतलं नव्हतं. त्या मागायच्या आणि मी द्यायचे, हसून द्यायचे. मला ते जड जातं, हे त्यांना कळावं तरी कसं? ज्या बाईला कधी कुणी नाही म्हटलं नाही, तिला समोरच्याच्या घागरीत गाळ आहे हे दिसत नाही. मी गप्प राहून त्यांचा मान ठेवते असं समजत होते. खरं तर मी त्यांना आंधळं ठेवलं होतं. पण एवढं कळलं म्हणून त्यांच्या दारात जाऊन सांगण्याइतकं धाडस माझ्यात आलं नाही, आणि अजूनही नाही.

महिना भरला तेव्हा लेकीनं मला विचारलं, "माय, प्रकल्पात तुझं लिहू का? तू बिल्ला द्यायचीस ते, आन मग न्हाई म्हणालीस ते?"

मी म्हणाले, "माझं लिही. मोठीमायचं नको लिहू."

"त्यांच्याशिवाय कसं लिहू?"

"तुला बघ, कसं जमतंय ते."

तिनं 'एक सभासद' आणि 'दुसरी सभासद' असं लिहिलं. मला वाचून, मराठीत करून दाखवलं. त्यात टँकर होता, रंग होते, आणि एका ठिकाणी असं होतं की रांग कितीही चांगली आखली तरी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यासाठी ती अपुरी पडते. हे मी बोलले नव्हते, पण माझंच होतं. तिला पुढं पदवी मिळाली. वर्गात तिनं टाकीचे फोटो दाखवले तेव्हा ह्या वेळी कुणी गप्प झालं नाही, सगळ्यांनी प्रश्न विचारले, असं ती म्हणाली. फोनवर तिचा आवाज मोकळा होता.

ती परत गेली तेव्हा पाऊस अजून आलाच नव्हता आणि टँकर चालूच होता. निघायच्या दिवशी जाऊबाई आल्या, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा. आन तिथल्या लोकांना बी रांगेत उभं कर." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

मला वाटलं, आता रंगांचं काही खरं नाही. ती होती तेव्हा वेळ झाली की शेडच्या दारात उभी राहून आवाज द्यायची. आता आवाज कोण देणार? दुसऱ्या दिवशी मी घरात गाईला चारा टाकत होते. माझ्या रंगाची वेळ शेवटची होती. तेवढ्यात शेडकडून आवाज आला, तीन गल्ल्यांत ऐकू जाईल असा, "ए हिरव्यावाल्याऽ, चला! निजल्या का काय?" जाऊबाईंचा होता. गावात एवढा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही.

मग निळ्यांना हाक गेली, मग लालवाल्यांना. पिवळ्याची हाक आली तेव्हा मी घागर घेऊन गेले. तळाचं पाणी होतं, त्या दिवशीचा आमच्या रंगाचा वाटा तोच होता. जाऊबाई नळापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी नेहमीच्या सवयीनं घागर घेऊन कडेला थांबले.

त्या म्हणाल्या, "लाव की नळाला. आता कुणाची वाट बघायलीस?"

मी घागर लावली.